ओम्नीने घेतलेलं सोंग

ओम्नीचा चेसिस नंबर कापून काढायला ग्राइंडरला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तळहातात मावेल एवढा पत्रा, त्यावर ठोकलेली अक्षरं आणि आकडे, आणि तो गरम तुकडा हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली की आपण हे काय करून बसलो. बाबांची गाडी होती ती. १९९६ साली घेतलेली, पांढरी. गोव्यात माशेलला आमच्या वाड्यावर तिला कोणी आमची गाडी म्हणायचंच नाही, 'नाटकाची व्हॅन' म्हणायचे, कारण जत्रेच्या नाटकाचं सगळं सामान तिच्यातून जायचं, पडद्यांच्या गुंडाळ्या, पेटी, तबला, दाढीमिशांचा डबा, ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या ट्रंका, आणि एकदा तर अख्खं सिंहासन, मागचं दार अर्धं उघडं ठेवून सुंभाने बांधून.

बाबा स्वतः नाटकात काम करायचे. गोव्याबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं की आमच्याकडे गावातल्या देवळाच्या जत्रेला मराठी नाटक होतं, आणि ते गावचेच लोक करतात, दुकानदार, मास्तर, बँकेतले, बसवर कंडक्टर असलेले. तालमी महिनाभर चालतात. बाबा बहुतेक वेळा संभाजी व्हायचे आणि जत्रेच्या आधी तीन-चार आठवडे जिरेटोप घरी घालून बसायचे, जेवतानासुद्धा, आई चिडायची. मानेला वजन कळायला पाहिजे म्हणायचे, नाहीतर स्टेजवर मान टोपाला सांभाळत बसते आणि माणूस राजा दिसत नाही. हे वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ कळायला मला वेल्डिंग शिकावं लागलं.

बाबा गेले २०१९ च्या पावसात. त्याच वर्षी मारुतीने ओम्नी बनवणंही बंद केलं होतं. व्हॅन गोठ्यात उभी राहिली (गुरं केव्हाच गेली होती, गोठा रिकामाच होता) आणि दोन पावसाळ्यांत खालून संपली. इथली हवा दमट, कुंभारजुव्याच्या खाडीवरून खारं वारं येतं, पत्र्याला ते सोडत नाही. सीटखालचा पत्रा बोटाने दाबला की भोक पडायचं. भंगारवाला येऊन बघून गेला, अठरा हजार म्हणाला. इंजिन मात्र स्टार्टरच्या दुसऱ्या फिरकीला चालू व्हायचं, आणि गिअरबॉक्सचा दुसरा गिअर पूर्वीसारखाच अडकायचा. बाबांची त्यावरची युक्ती अशी की पहिल्यातून काढायचं, न्यूट्रलमध्ये हात क्षणभर थांबवायचा, श्वास घेतल्यासारखा, आणि मग हळूच दुसऱ्यात सोडायचं. घाई केली की खर्रर. त्यांच्या हाताला ती सवय इतकी झाली होती की दुसऱ्याची नवीन गाडी चालवतानासुद्धा थांबायचे.

तर ही गाडी अठरा हजाराला द्यायची नव्हती आणि ठेवून कुजवायचीही नव्हती. तिच्या भागांतून दुसरी गाडी बनवायची होती, लोटस सेव्हनसारखी.

लोटस सेव्हनचा फोटो मी पहिल्यांदा आठवी-नववीत असताना एका जुन्या इंग्रजी मासिकात बघितला होता. गाडी म्हणजे काय तर पुढे लांब चपटं नाक, दोन्ही बाजूंना सायकलसारखे उघडे मडगार्ड, बाहेर उभे दोन हेडलाईट, आणि दोन माणसं मागच्या चाकांच्या जवळजवळ अंगावर बसलेली, इतकी खाली की हात लांब केला तर रस्ता लागेल. दरवाजे नाहीत, छप्पर म्हणजे नुसतं कापड. १९५७ साली कॉलिन चॅपमनने ती इंग्लंडमध्ये काढली आणि गंमत म्हणजे ती तयार गाडी म्हणून जितकी विकली गेली त्यापेक्षा जास्त ओळखली गेली ती सुट्या भागांची गाडी म्हणून. तिथे तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक खोक्यांतून गाडी घरी न्यायचे आणि आपल्या शेडमध्ये जोडायचे. असं सांगतात की सोबत जोडणीची माहिती दिली तर तो टॅक्स लागू झाला असता म्हणून गाडी सुटी कशी करायची त्याचा कागद द्यायचे, आणि लोक तो शेवटापासून उलटा वाचायचे. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला, ती सवलत संपली, आणि त्याच वर्षी लोटसने सेव्हन कॅटरहॅम नावाच्या कंपनीकडे सोपवली. ते अजून बनवतात. जगभर हौशी लोक तिच्यासारखी गाडी घरी बनवतात, त्याला लोकॉस्ट म्हणतात, आणि प्रत्येक देशात त्या देशातल्या साध्यासुध्या घरगुती गाडीचे भाग वापरले जातात.

आता ओम्नी. लोक तिला डबा म्हणतात, पण तिच्यात काय आहे बघा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, उभं लावलेलं, त्याच्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. मारुती ८०० मध्ये तेच इंजिन आडवं बसून पुढची चाकं फिरवतं, ते आपल्या कामाचं नाही. ओम्नीची मांडणी मात्र सेव्हनला हवी तीच. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन असायचं, ४० हॉर्सपॉवरचं. ओम्नीचं पस्तिशीच्या घरातलं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांच्या फरकाने दोन गरीब इंजिनं जवळजवळ एकाच ताकदीची. हे गणित मी गोठ्यात, बाबांच्या सीटवर बसून केलं, ज्या सीटखाली ते इंजिन होतं आणि जिथून उन्हाळ्यात मांड्यांना चटका बसेल एवढी ऊब यायची.

खरं सांगायचं तर त्याआधी मी तयार रेप्लिका, म्हणजे नक्कल गाडी, विकत घ्यायचाही विचार केला होता. कामाला सुरुवात करायला माणूस घाबरतो, आणि पैसे टाकून मोकळं होणं सोपं वाटतं. एकाकडे, राज्याबाहेर, एमजी ह्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी एक विकायला होती. फोटोत सुंदर. मी बसने गेलो, दिवसभर प्रवास करून. जवळून बघितली तर जुन्या जीपच्या चेसिसवर फायबरची बॉडी ठेवलेली, तारेची चाकं दिसत होती ती प्रत्यक्षात प्लास्टिकची झाकणं, बाजूने निघालेले दोन चकचकीत सायलेन्सर कशालाच जोडलेले नव्हते, आणि नाकावर एमजीचा अष्टकोनी बिल्ला, स्क्रूने बसवलेला. खाली वाकून वेल्डिंग बघितलं, जोडांमध्ये भेगा, वरून पुट्टी आणि काळा रंग. विकणारा माणूस वाईट नव्हता, चहा दिला, आणि अगदी सहज म्हणाला, "कोणाला कळणार आहे?"

परतीच्या बसमध्ये रात्रभर तेच डोक्यात. कोणाला कळणार आहे. बाबा संभाजी व्हायचे तेव्हा समोर मंडपात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की हा आपला शेजारी आहे, सकाळी बाजारात ह्याने आपल्याला नारळ मोजून दिले, आता डोक्यावर जिरेटोप घालून उभा आहे. तरी शेवटच्या प्रवेशाला बायका पदराने डोळे पुसायच्या आणि माझे आजोबा, जे बाबांशी घरी दोन शब्द बोलायचे नाहीत, ते ताठ बसून ऐकायचे. कोणी कोणाला फसवत नव्हतं. ते सोंग होतं, आणि सोंग कसं वठलं ह्याचीच चर्चा दुसऱ्या दिवशी व्हायची. मी बघून आलो ते ढोंग होतं. दोन्ही शब्द आपण एका दमात म्हणतो पण मला त्या रात्री त्यांच्यामध्ये एक अख्खा घाट दिसला. न जोडलेला सायलेन्सर म्हणजे ढोंग. जोडलेला, तापणारा, आवाज करणारा सायलेन्सर, मग तो ओम्नीचा का असेना, तो चालेल. मी ठरवलं की गाडीवर काम न करणारी एकही वस्तू लावायची नाही, लोटसचा बिल्ला लावायचा नाही, आणि कोणी विचारलं तर पहिलं वाक्य हेच असेल की ही खरी सेव्हन नाही, ओम्नीपासून मी बनवली आहे.

म्हणून आधी ओम्नीचा कागद बंद केला. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची मोडीत काढली की मालकाने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. आरसी आणि तो कापलेला तुकडा घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मवर कारण वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वडिलांची का? हो म्हटलं. त्यांनी शिक्का जरा हळू मारला असं मला वाटलं, कदाचित वाटलंच असेल.

चेसिस म्हणजे २५ मिलिमीटरचे चौकोनी एमएस पाईप, १.६ जाडीचे, सहा-सहा मीटरचे आठ. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला वापरतात तसलेच. त्यांचं एक पिंजऱ्यासारखं घडवायचं, जिथे जिथे चौकोन आहे तिथे तिरका पाईप टाकून त्रिकोण करायचे, कारण चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही. माझ्याबरोबर शेजारचा गेट-ग्रिलचं काम करणारा पोरगा होता, मला दादा म्हणतो, हात अतिशय स्वच्छ, पण त्याने आयुष्यात कधी अशी गोष्ट बनवली नव्हती जी हलते. पहिला पिंजरा आम्ही तीन रविवारांत जोडून टाकला, उत्साहात, एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला. शेवटी दोरी धरून कर्ण मोजले तर अकरा मिलिमीटरचा फरक. वेल्डिंगच्या उष्णतेने पाईप ओढला जातो, एकाच बाजूने करत गेलं की सगळा सांगाडा त्या बाजूला पिळतो. गेटला अकरा मिलिमीटर म्हणजे काही नाही, बिजागरीत जातात. गाडीत ह्याचा अर्थ असा की ती आयुष्यभर एका अंगाने चालणार. पोरगा म्हणाला, दादा, पुढच्या चाकाला धरणारा हात जरा वाकवून घेऊ, दिसणार नाही. मी काही बोललो नाही. त्यानेच थोड्या वेळाने ग्राइंडर उचलला आणि कापायला लागला. दुसऱ्या वेळी प्लायचं सपाट टेबल केलं, त्यावर खडूने पूर्ण नकाशा काढला, सगळे जोड आधी नुसते टॅक केले, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने धरले, मग एक जोड डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं दीड महिना. फरक दोन मिलिमीटरवर आला. त्या दिवशी आम्ही दोघांनी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याखाली वीट सरकवली आणि बघितलं, समोरचा कोपरा तेवढाच उचलला गेला, मधलं काही वाकलं नाही. त्याने दोनदा वीट काढून घालून बघितलं.

पुढच्या चाकांसाठी ओम्नीचं स्ट्रट सस्पेन्शन उपयोगाचं नव्हतं, ते उंच असतं, एवढ्या बुटक्या नाकात मावत नाही. फियाट म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी, तिला पुढे विशबोन, म्हणजे चाक धरणारे आडवे त्रिकोणी हात, असतात. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यानंतर काही दिवसांनी मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात होतो आणि तिथे फियाटच्या पुढच्या हब आणि स्टब एक्सलचा एक ढीगच होता, कोणत्या टॅक्सीने किती लाख माणसं कुठे पोचवली असतील कोण जाणे. तिघांकडे भाव करून एक बरा जोड घेतला. आता पुढे फियाट आणि मागे ओम्नी म्हणजे चाकांची भोकं जुळत नाहीत, माप जुळत नाही, त्यासाठी चोर्ला घाट चढून बेळगावला उद्यमबागेत गेलो, कारण लेथचं असं एकेकटं काम गोव्यात कोण पटकन हातात घेत नाही आणि बेळगावात माणूस आधी चहा मागवतो आणि मग ड्रॉइंग बघतो. अ‍ॅडॉप्टर प्लेट तिथेच झाल्या, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून मिळाला. त्यांनी गिअरबॉक्सही उघडू का विचारलं, दुसऱ्याची सिंक्रो रिंग गेली असणार, बदलून देतो म्हणाले. तेव्हा पैसे नव्हते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे बाबांचं मंडळाच्या वर्गणीच्या वेळचं वाक्य, ते मला घाट उतरताना दर वळणाला आठवत होतं. चार वर्षांत सगळं मिळून साडेतीन लाखाच्या जरा वर गेले, एकदम कधीच नाही, कधी आठशे, कधी अकरा हजार, आणि मध्ये सात-सात महिने काहीच नाही.

ह्या रिकाम्या महिन्यांत मी चॅपमनबद्दल सापडेल ते वाचत होतो आणि मग गोठ्यात येऊन सांगाड्याकडे बघत बसायचो. आणि हळूहळू एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. मी त्याची नक्कल करत होतो, पण नक्कल करताना त्याने तसं का केलं ते हाताला कळत होतं. बाजूचे पत्रे सपाट का? मी समजत होतो स्टाईल. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन बसलो तेव्हा कळलं, सपाट पत्रा कोणीही कात्रीने कापून रिव्हेट मारू शकतो, वळणदार पत्र्याला डाय लागते, प्रेस लागते, म्हणजे पैसा लागतो, आणि त्याच्याकडे तो नव्हता. माणसं मागच्या चाकांना चिकटून का बसवली? कारण पुढे इंजिनाचं वजन, मागे काहीच नाही, तर माणसांचंच वजन मागे नेलं. तो शिकलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर होता, पूल आणि इमारतींचं गणित येणारा. हॉर्नसीला त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं आणि त्यामागच्या तबेल्यात त्याने कंपनीचं काम चालू केलं. वडिलांचा तबेला! मी हे वाचलं तेव्हा मी आमच्या गोठ्यात गव्हाणीवर बसलो होतो. आणि त्याची अगदी पहिली गाडी, सेव्हनच्या कितीतरी आधीची, ती जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधलेली होती. पुढे खुद्द लोटस सेव्हनमध्येही इंजिन फोर्डचं. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ती गाडीसुद्धा दुसऱ्यांच्या साध्या गाड्यांच्या भागांतूनच उभी राहिली.

आणि मग एक दिवस समजलं की कॅटरहॅमने २०१३ मध्ये सेव्हन १६० नावाचं जे मॉडेल आणलं त्यात सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे आणि मागचा अ‍ॅक्सलही सुझुकीचाच आहे. सुझुकी! आमची ओम्नी म्हणजे मुळात सुझुकीची कॅरी व्हॅन. मी रात्री अकरा वाजता त्या वेल्डर पोरग्याला फोन केला, तो झोपला होता, मी म्हटलं अरे, त्यांनी पण आपल्यासारखंच केलंय. तो म्हणाला, दादा, मग आपण बरोबर करतोय ना. एवढंच म्हणाला आणि परत झोपला. मला मात्र झोप आली नाही.

नाकाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. सेव्हनमध्ये दोनच गोष्टी वळणदार आहेत, नाक आणि मडगार्ड. नाक फायबरचं करायचं तर आधी साचा पाहिजे आणि साच्याला आधी आकार पाहिजे. मी थर्मोकोलमध्ये दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ते बेडकाच्या तोंडासारखं झालं. माशेल-कुंभारजुव्यात गणपतीच्या चित्रशाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या, आणि आमची मूर्ती जिथून येते तिथल्या काकांकडे मी चवथ झाल्यावर, कामं संपल्यावर गेलो. सोबत फोटो, मापं, ग्राफ पेपर. त्यांनी ग्राफ पेपर बाजूला ठेवला, फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघून विचारलं, "पुता, हिच्या तोंडातून काय जातं आत?" हवा, म्हटलं, रेडिएटरला. "मग हिचा श्वास आहे तो," म्हणाले, आणि चिकणमाती मळायला घेतली.

अकरा दिवस लागले. पट्टी त्यांनी वापरलीच नाही. दोन्ही तळवे दोन बाजूंनी एकदम फिरवायचे, डावा-उजवा, आणि जिथे एका हाताला जास्त लागलं तिथे थांबायचे. संध्याकाळी खोली अंधारी करून एका बाजूने बल्ब धरायचे, सावली मातीवरून कशी सरकते ते बघायचे, सावली जिथे अडखळली तिथे उद्या सकाळी काम. मी रोज ऑफिसमधून सुटल्यावर जाऊन बसायचो. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरून नाकाच्या वरच्या कडेवरून फिरवला आणि म्हणाले बघ, इथे त्या माणसाने हात जरा उचललाय. त्या माणसाने म्हणजे ज्याने मूळ आकार काढला त्याने. फोटोतून त्यांना ते दिसलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं मूर्ती करणारा माणूस, इंग्रजी येत नाही, गाडी चालवत नाही, पण दुसऱ्या एका कारागिराने सत्तर वर्षांपूर्वी सात समुद्रापलीकडे कुठे हात उचलला ते त्याला कळलं. ह्यापेक्षा जास्त मी ह्या विषयावर काही सांगू शकत नाही.

मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला, दोन भागांत. तो वाळायला ठेवला, मग चपड्याचे हात दिले, मेणाचं पॉलिश केलं, आणि फायबरसाठी होड्यांचं काम करणारा एक माणूस बोलावला. त्याने आधीच सांगितलं होतं की पावसात हात लावणार नाही, दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं. डिसेंबरात आला. जेलकोट, त्यावर मॅटचे तीन थर, रोलरने बुडबुडे काढत. साचा उघडला तेव्हा नाक असं सुटलं की काकांनी पुढे होऊन ते दोन्ही हातांत झेललं. मग त्यांनी विचारलं, "डोळे कधी आखणार?" हेडलाईट, म्हटलं, बुलेटचे जुने मिळालेत, नंतर लावेन. "डोळे शेवटी," म्हणाले, "बाकी सगळं झाल्यावर." तसंच केलं. हेडलाईट सगळ्यात शेवटी लावले.

नाक घरी आणताना वाटेत एका ओळखीच्या माणसाने थांबवून विचारलं की एवढा खर्च करून शेवटी डुप्लिकेटच ना? चांगला माणूस आहे, चिडवायला नव्हता विचारत. मी त्याच्याशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर उभं राहून बोलत होतो. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीजांच्या काळात लोकांनी तो उचलून आधी मयेला आणि मग इथे माशेलला आणला. जागा नवी, भिंती नव्या, नंतरही कितीदा बांधकाम झालं असेल. आषाढात त्या देवळासमोरच्या मैदानात आम्ही लहानपणी चिखलकाल्यात लोळलो आहोत, आणि आमच्यातल्या कोणाच्या मनात कधी आलं नाही की हे देऊळ चोडणच्या देवळाची कॉपी आहे. गाडीची आणि देवाची बरोबरी मला करायची नाही, तसं कोणी समजू नये. पण मूळपणा विटेत असतो की तो उचलून आणणाऱ्यांच्या जिवात असतो, हा प्रश्न आम्हा गोव्यातल्या लोकांना तरी नवीन नाही. त्याला मी एवढं बोललो नाही, नाक जड होतं, हो डुप्लिकेटच म्हटलं आणि निघालो.

एक गोष्ट लपवायची नाही. ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींत मूलभूत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. आणि एकट्या माणसाने घरी बनवलेली गाडी तपासून नंबर देईल अशी सरळ वाट आपल्याकडे नाही, मॉडेलला मंजुरी घ्यायची ती कारखान्यांसाठीची पद्धत. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर यायची परवानगी देतात, ब्रेक, लाईट, धारदार कडा, सीटबेल्टचे बोल्ट, सगळं बघतात. अमेरिकेत २०१५ साली कायदा झाला, छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ रेप्लिका बनवता येतात. मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही अशी एक कडक तपासणी असावी, मी पहिला रांगेत उभा राहीन, नापास केलं तर परत कापीन. पण त्या बसप्रवासात मी जे वेल्डिंग बघितलं होतं, पुट्टी भरलेलं, ते आठवलं की कायदा असा का झाला हेही समजतं. तशी गाडी चोर्ला घाटात माझ्या पुढून यावी असं मला वाटणार नाही.

म्हणून ती चालते मामाच्या भाटात. काजूची बागायत आहे, मधून चिऱ्याच्या खणीकडे जाणारा जुना खाजगी रस्ता, तांबड्या मातीचा, साधारण सहाशे मीटर, शेवटी सडा, तिथे वळायला जागा. टेम्पोत घालून नेतो, ताडपत्री झाकून. गेल्या माघात पहिल्यांदा नेली तेव्हा काजूला मोहोर होता. मी एकट्याने आठ-दहा फेऱ्या मारल्या, पहिल्या दोन फक्त पहिल्या गिअरमध्ये, वेल्डर पोरगा बाजूने पळत होता आणि चाकांकडे बघत होता. मग त्याला बसवलं. मग मामाला. तिसऱ्या फेरीपर्यंत इंजिनाचं तापमान स्थिर झालं, ब्रेक सरळ लागत होते, गाडी कुठल्याच बाजूला ओढत नव्हती, आणि एवढ्या खालून जमीन बघितली की ताशी चाळीससुद्धा ऐंशी वाटतात. नाकाच्या त्या वरच्या कडेवर झाडांतून येणारं ऊन सरकत होतं, कुठे न अडखळता.

आई बसायला तयार नव्हती. दार नाही त्या गाडीत मी साडी नेसून कशी चढू, हे तिचं म्हणणं, आणि बरोबर होतं. शेवटी मामीने पाट आणून ठेवला, त्यावरून ती आत उतरली, पदर घट्ट खोचला आणि समोर बघत बसली. मला मनातून वाटत होतं की आवाज ऐकून ती काहीतरी म्हणेल, तेच इंजिन आहे, तेवीस वर्षं रोज ऐकलेलं, रात्री नाटक संपवून बाबा यायचे तेव्हा दाराशी यायचा तो आवाज. मी स्टार्ट केली. आईने काहीच ओळख दाखवली नाही. "हिचा आवाज निराळाच आहे," म्हणाली. सायलेन्सर छोटा आहे, पत्रा नाही, कोंदत नाही आवाज, निराळा येणारच, मी स्वतःलाच समजावलं आणि पहिला टाकला. मोहोराचा वास येत होता. वीसेक मीटर गेलो, पहिल्यातून काढली, न्यूट्रलमध्ये हात थांबला.

आईने मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं. "दुसरा अजून तसाच अडकतो?" तिने विचारलं.

हो म्हटलं, आणि हळूच दुसऱ्यात सोडली.